उलटा पीळ

मावशी : उसव.

भाची : अगं, पण छान आलंय की!

मावशी : छान आलंय की नाही ते मी ठरवणार. उसव म्हटलं ना. बुडापासून शेंड्यापर्यंत, सगळं.

भाची : चौथ्यांदा उसवतेय मावशी. कापडाची चाळण झाली. गवताची एक काडी, चार बोटं लांब, आणि तिच्यापायी मी सोमवारपासून घाम गाळतेय. एवढ्या वेळात मी वरचे-खालचे मिळून एका माणसाचे सगळे दात बसवले असते.

मावशी : दात बघायला तोंड उघडावं लागतं. भरतकाम उघडंच असतं. ओढू नकोस गं असा! सुईचं नाक दोऱ्याखालून घाल आणि एकेक टाका अलगद उचल. कापडाचा काय दोष?

भाची : माझा तरी काय दोष? साखळी टाक्याची पानं तुला पसंत पडली. काल गाठीच्या टाक्यानं तुऱ्याच्या बिया केल्या, त्या बघून तू चक्क ‘हं’ म्हणालीस. तुझं ‘हं’ म्हणजे दुसऱ्याची शाबासकी. मग काडीतच काय वाकडं आहे?

मावशी : पीळ. देठाचा टाका कसा असतो? एक पाऊल पुढे जायचं, अर्धं मागे यायचं. दोरा कायम खालच्या अंगाला. मग टाके एकमेकांना टेकून कलतात आणि दोरीसारखा पीळ पडतो. तुझा पीळ उलटा पडतोय.

भाची : उलटाच पडणार. मी डावखुरी आहे. तुझा असा कलतो, माझा तसा कलतो, आरशात बघितल्यासारखा. वाऱ्यानं गवत दोन्हीकडे कलतंच की.

मावशी : माझ्याकडे चालत नाही.

भाची : कवळी बरी चालते!

मावशी : कवळीचा इथे काय संबंध?

भाची : तुझ्या तोंडातली कवळी कुणी केली? मी. मेणात एकेक दात कोरला तो कुठल्या हातानं? ह्या. माझ्या डाव्या हातचे दात घालून तू मला डाव्या हाताबद्दल बोलतेस, हे काही मला पटत नाही.

मावशी : टोचते ती. इथे, या बाजूला.

भाची : टोचत असती तर वर्षभर गप्प बसली असतीस? पहिल्याच दिवशी आमच्या दवाखान्यात येऊन खुर्ची अडवून बसली असतीस. माझं प्लास्टर केलेल्या डॉक्टरांना तू काय काय ऐकवलंस ते विसरले नाही मी. ‘पाय असा बांधतात होय? माझ्या तिसरीतल्या मुली याहून बरं गुंडाळतात.’

मावशी : मग काय चुकीचं बोलले? सहा आठवडे पोरीला पलंगावर खिळवून ठेवलंय.

भाची : मी स्कूटरवरून पडले त्यात डॉक्टरांचा काय हात! पण बरं झालं, तू रोज चार वाजता येतेस. नाहीतर दिवसभर मी आणि हे छत. आईची कारखान्यातली पाळी सुटेपर्यंत माणूस दिसत नाही.

मावशी : म्हणूनच येते. रिकामा हात वाईट. दोरा ओव. दोनच पदर घे, सहाच्या सहा नकोत. आणि आज एकदा उजव्या हातानं करून बघ.

भाची : नाही करणार.

मावशी : एकदा करून तर बघ.

भाची : एकदा केलंय. तिसरीत. विसरलीस?

मावशी : दोरा ओवला नाहीस अजून.

भाची : तू विसरली असशील, मी नाही. शिवणाचा तास. भिंतीवर ती तुझी काचेची तसबीर. तिच्याखालच्या बाकावर मी. तू माझा डावा हात पाठीमागे नेलास आणि रुमालानं कमरेला बांधलास. सगळा वर्ग फिदीफिदी हसत होता. पोरी म्हणत होत्या, सख्खी मावशी आहे हिची.

मावशी : घट्ट नव्हता बांधला.

भाची : घट्ट नव्हता. मी मनात आणलं असतं तर सोडवून घेतला असता. पण तू बांधलास म्हणून मी तसाच ठेवला. दुसऱ्या हातानं सुई दोनदा बोटात घुसली. त्यानंतर कालपरवापर्यंत सुईला हात लावला नाही. बटण तुटलं की सेफ्टी पिन.

मावशी : पोरी, ते... तेव्हा शिस्त होती तशी. सगळ्याच शाळांत होती.

भाची : गणिताच्या बाईंनी नाही बांधला. चित्रकलेच्या सरांनीही नाही. तूच बांधलास. बरं जाऊ दे, मी भांडत नाहीये. एवढंच म्हणतेय की आता मी चौतीस वर्षांची आहे आणि काडी डाव्या हातानंच घालणार. तुला चालत नसेल तर नमुना दाखव एखादा, म्हणजे मला कळेल तुझा सरळ पीळ किती देखणा असतो. त्या पिशवीत आहे का काही?

मावशी : कुठल्या?

भाची : खुर्चीखाली सारलीस ती. रोज आणतेस, रोज नेतेस. उघडत मात्र नाहीस. मी सोमवारपासून बघतेय.

मावशी : त्यात काही नाही. शाळेची वस्तू आहे.

भाची : निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि शाळेची वस्तू?

मावशी : शाळेची नवी इमारत झालीय ना. शनिवारी समारंभ आहे. जुन्या वर्गांतल्या चार गोष्टी नव्या इमारतीत लावणार आहेत. एकीची काच फुटली होती, ती बदलून आणायला माझ्याकडे दिलीय. बस्स.

भाची : म्हणजे तीच तसबीर! तुझा नमुना! आणि समारंभ म्हणजे तुझाच सत्कार असणार. अगं, मग लपवतेस काय? आण इकडे.

मावशी : कुबडीनं ओढू नकोस! फाटेल!

भाची : मग तू दे. दे गं. काच नाही तेवढ्यात बघून घेते. लहानपणी पायांच्या चवड्यांवर उभी राहिले तरी वरचं अर्धं दिसायचं नाही. काचेवर खिडकीच पडलेली दिसायची.

मावशी : हात धुतलेस?

भाची : पलंगावरून उठायची सोय नाही, चादरीला पुसते. हं. हे काय सुंदर आहे गं! हा नेचा... याचं पान अजून उलगडायचंय. ही शेंग फुटलेली. आणि मुंग्या! गाठीच्या टाक्याच्या मुंग्या, एकीच्या मागे एक, सगळ्या काडीवर चढतायत. एक मागे राहिलीय बघ. मावशी, हे तू विसाव्या वर्षी केलंस?

मावशी : बघून झालं असेल तर दे.

भाची : थांब ना. तुझा सरळ पीळ बघायचाय मला. ही काडी... मावशी.

मावशी : काय?

भाची : हिचा पीळ उलटा आहे.

मावशी : उजेड नीट नाही इथे.

भाची : पाच वाजले नाहीत अजून, खिडकी सताड उघडी आहे. हे बघ, माझी काडी शेजारी ठेवते. उसवायचे राहिलेले चार टाके आहेत. पीळ एकच. माझा जसा कलतो तसाच. नेच्याचा देठ तसाच. शेंगेचा देठ तसाच. सगळे देठ तसेच. हे... एवढं कोपऱ्यातलं पान वेगळं आहे. याच्या मधल्या शिरेचा पीळ तुझ्यासारखा. आणि खरं सांगू का, राग मानू नकोस, हे एकच पान जरा हे आहे. कापड आवळलंय.

मावशी : घाईत केलं होतं.

भाची : एकच पान घाईत आणि बाकीचं...? मावशी, हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे.

मावशी : दे ते इकडे.

भाची : तू डावखुरी नाहीस. उजवा हात बांधला तरी डाव्यानं तुला घास घेता यायचा नाही. आपल्याकडे डावखुरं कोण आहे? मी. आणि...

मावशी : नको गं.

भाची : आई. पण आईला काय येतं भरतकामातलं? आई कारखान्यात उशांचे अभ्रे शिवते. मशीनवर, सरळ शिलाई, एक्केचाळीस वर्षं. घरात सुईचा डबासुद्धा नाही आमच्या. मावशी, माझ्याकडे बघ. कुणाचं आहे हे?

मावशी : तिचं.

भाची : आईचं.

मावशी : सतरा वर्षांची होती. त्या सुट्टीत परसातल्या मोरीजवळ तासन् तास बसायची. तिथे जे उगवायचं ते सगळं तण, आमची आई ओरडायची, उपटून टाक. ती उपटायची नाही. बघत बसायची आणि कापडावर उतरवायची. छापा नाही, पेन्सिलीची रेघ नाही. मी आयुष्यभर मुलींना शिकवलं, आधी आखा मग टाका. तिनं कधी आखलंच नाही.

भाची : आणि ते तुझ्या नावानं भिंतीवर कसं गेलं?

मावशी : माझी परीक्षा होती. शाळेच्याच शिवण-शिक्षिकांच्या वर्गाची, शेवटच्या वर्षाची. तिच्यावर शाळेतली नोकरी मिळायची होती. आदल्या दिवशी माझा नमुना इस्त्रीखाली जळला. मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा डाग. बाबा तेव्हा घरीच असायचे, काम सुटलेलं. छोटी, म्हणजे तुझी आई, आत्याकडे गेली होती. तिच्या ट्रंकेत हे घडी करून ठेवलेलं. मी... मी काढलं आणि नेलं. परीक्षक म्हणाल्या, आमच्यासमोर एक पान भरून दाखव. तेवढं मी भरलं. एकेक टाका आवळत गेले. ते ते पान.

भाची : आणि आईला काय सांगितलंस?

मावशी : काही नाही. ती परत येईपर्यंत निकाल लागला होता. पहिला नंबर. नमुना शाळेनं ठेवून घेतला, आदर्श म्हणून काचेत लावला. मी म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. तिनंही विचारलं नाही.

भाची : उद्याची बेचाळीस वर्षं झाली.

मावशी : एवढंच असतं तरी... एवढंच नाहीये गं.

भाची : अजून आहे?

मावशी : पुढच्या वर्षी तिनं त्याच वर्गाला अर्ज केला. नवं कापड भरून नेलं. तसंच गवत, तशाच मुंग्या. तिच्याच होत्या ना, दुसऱ्या कुठून येणार? मोठ्या बाईंनी ते कापड बघितलं, भिंतीवरची तसबीर बघितली. मी तेव्हा नुकती लागले होते. मला बोलावलं. म्हणाल्या, ‘ही तुझी धाकटी ना? तुझ्या नमुन्याची नक्कल करून आणलीय हिनं. हो ना?’

भाची : आणि तू?

मावशी : मी मान हलवली.

भाची : कशी हलवलीस?

मावशी : हो म्हणून.

भाची : मावशी!

मावशी : तोंडातून शब्द नाही काढला. आजवर मनाशी तेच धरून बसलेय, मी बोलले काहीच नाही. नुसती मान. पण मान माझीच होती. तिला प्रवेश नाकारला. नक्कल करणाऱ्या मुलीला शाळेत जागा नाही, असं लिहून दिलं. महिन्याभरानं ती अभ्र्यांच्या कारखान्यात लागली. त्या दिवसापासून तिच्या हातात मी भरतकामाची सुई बघितली नाही.

भाची : पण पीळ होता ना! दोन्ही कापडं शेजारी ठेवली असती आणि एकदा नीट बघितलं असतं तर कळलं असतं, दोन्ही एकाच हातची आहेत. मला सोमवारपासून शिकून कळलं. त्या बायांना नाही कळलं?

मावशी : कुणी बघितलंच नाही. मला कळत होतं. मला एकटीला. रोज त्या तसबिरीखाली उभी राहून मी देठाचा टाका शिकवत होते आणि डोक्यावर सगळे देठ उलटे. कुणीतरी मान वर करून विचारेल म्हणून धाकधूक. आणि मग तू आलीस तिसरीत.

भाची : म्हणून बांधलास हात.

मावशी : त्या दिवशी मोठ्या बाई तास बघायला येणार होत्या. तू तसबिरीखाली बसलेली. काडी भरत होतीस, डाव्या हातानं, आणि तिच्यासारखीच. खाली तुझा रुमाल, वर तिचं कापड. मला वाटलं, आता या दोन्हीकडे बघणार आणि... माझ्या हातात जो रुमाल होता त्यानंच...

भाची : शिस्त म्हणालीस मघाशी.

मावशी : शिस्त नव्हती. भीती होती. तुझ्यानंतर अजून चौघी-पाचजणी आल्या तशा. त्यांनाही उजवा हात घ्यायला लावला. लेकरांचे हात फिरवले मी, माझं बिंग झाकायला. सोमवारी तुझी काडी उलटी आली आणि बघ, तोंडातून पुन्हा तेच निघालं. उसव.

भाची : तू मला शिकवायला येतेस की कशाला?

मावशी : तिला सांगायला येते. सोमवारी ठरवून आले होते, ती आली की कापड तिच्या पुढ्यात ठेवायचं. साडेपाच वाजत आले की पिशवी उचलते. मग चपला घालते आणि जिना उतरते. काल कोपऱ्यावर तिला येताना पाहिलं आणि औषधाच्या दुकानात शिरले.

भाची : शनिवारी काय आहे ते खरं सांग.

मावशी : पितळेची पट्टी केलीय. माझ्या नावाची. तसबिरीखाली ठोकणार. कायमची.

भाची : आज काय वार आहे?

मावशी : गुरुवार.

भाची : पाच वीस झालेत. तुझ्या चपला दाराशी आहेत. जा. रोज जातेस तशी जा. मला उठता येत नाही, मी काही तुला धरून ठेवत नाही. पण आई आली की मी सांगणार. मला ते पोटात ठेवता यायचं नाही. तुझ्याएवढी सवय नाहीये मला.

मावशी : तू नको सांगूस.

भाची : मग?

मावशी : मला ग्लासभर पाणी... राहू दे, मीच घेते.

भाची : चपला घातल्यास?

मावशी : नाही. बसलेय.

भाची : मावशी, मी तुझा राग करतेय. खूप करतेय. पण एकटीनं नको बसूस, माझा हात धर.

मावशी : कुठला?

भाची : आता तूही ना! कुठलाही धर. आली बघ. किल्ली लावतेय.

(दार उघडतं. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.)

आई : अगंबाई, ताई? आज थांबलीस? रोज खुर्ची तेवढी गरम सापडते मला. हिनं चहा तरी विचारला का? नसेलच. पाव आणलाय ताजा... हे काय?

भाची : आई, बस जरा.

आई : काच काढली वाटतं याची.

मावशी : छोटे, मला तुला काही सांगायचंय. मी आधीच सांगायला हवं होतं. मी तुझ्या ट्रंकेतून...

आई : थांब. हात धुऊन येते. दिवसभर कापडाचे तंतू बसलेत हातांवर.

भाची : आई, अगं ती काय म्हणतेय ते तरी...

आई : हातात घ्यायचं तर धुतलेले हात हवेत. बोल, ऐकू येतं मला आतून.

मावशी : ट्रंकेतून काढून नेलं मी. परीक्षेला. माझं म्हणून दाखवलं. आणि पुढच्या वर्षी त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी...

आई : मान हलवलीस.

मावशी : तुला कुणी सांगितलं?

आई : कुणी कशाला सांगेल? दाराला पडदा होता, मी पडद्याआड उभी होते. मला म्हणाल्या होत्या, बाहेर थांब. पडद्याला मधे फट होती.

मावशी : तू बघितलंस?

आई : तुझी वेणी हलली. दोनदा.

मावशी : इतकी वर्षं मला वाटतंय तुला फक्त निकाल कळला. तू... तू माझ्या घरी जेवायला येत होतीस. माझ्या आजारपणात आठवडाभर राहिलीस. माझं डोकं चेपलंस.

आई : डोकं दुखत होतं तुझं, म्हणून चेपलं.

भाची : आई, तू काहीच का नाही बोललीस? तुला राग नाही आला?

आई : ट्रंकेतून नेलं त्याचा नाही आला. तुझे आजोबा घरी बसलेले. ताईला नोकरी लागली तेव्हा कुठे घर उभं राहिलं, ते मलाही दिसत होतं. मागितलं असतं तर दिलं असतं. पण मान हलली ना, त्याचा आला. असा आला की हातातली सुई जाऊन पडली ती पडलीच.

मावशी : मारायचं होतंस मला. भांडायचं होतंस.

आई : वाट बघत होते. वाटायचं, आज सांगेल. माझं लग्न ठरलं तेव्हा वाटलं, ही झाली तेव्हा वाटलं. तू दरवेळी नवं लुगडं-पातळ घेऊन यायचीस आणि माझ्याकडे न बघता हातात द्यायचीस. मग वाट बघायचंही विसरून गेले. कपाटं भरली मात्र.

मावशी : छोटे...

आई : तू एकटीच गप्प बसलीस असं नाही. हिचा हात बांधलास त्या दिवशी मी शाळेत आले होते. वर्गाच्या दारात उभी राहिले. का बांधलास ते मला एका क्षणात कळलं, वर तसबीर, खाली ही. ओठांवर आलं होतं सगळं. बोलले असते तर त्याच दिवशी तुझी नोकरी गेली असती. मी पोरीचा हात सोडवला आणि तिला घेऊन घरी आले. तिनं विचारलं, ‘आई, माझा हात वाईट आहे का?’

भाची : आठवतंय मला. तू म्हणालीस, जेवून घे.

आई : जेवून घे म्हणाले. ‘नाही’ म्हणायला हवं होतं. माझ्या हातासारखाच आहे म्हणून सांगायला हवं होतं. तुझी नोकरी सांभाळली मी ताई, लेकीचा हात नाही सांभाळला. ते मला टोचतं. तुझ्यापेक्षा जास्त टोचतं.

भाची : आई, असं नको ना. बघ, मी काडी केलीय. थोडी उसवलीय, पण बघ.

आई : बघू. कुणी उसवायला सांगितलं?

भाची : राहू दे ना ते.

आई : बरं. दोरा जरा सैल सोड, गवताला ताण नसतो. बाकी बरोबर आहे. पीळ बरोबर आहे तुझा.

मावशी : मी शनिवारी सांगणार. सगळ्यांसमोर, माईकवर. मोठ्या बाई आता नाहीत, पण बाकी सगळे असतील. ती पट्टी मी ठोकू देणार नाही. तुझं नाव घालायला लावीन.

आई : माझ्यासाठी सांगणार असशील तर नको. साठीला आले, मला भिंतीवर चढायची हौस नाही.

मावशी : मग?

आई : तुझ्यासाठी सांग. आणि हिच्यानंतरही असतील ना कुणी, हात फिरवलेल्या, त्यांच्यासाठी सांग. एखादी येईल समारंभाला. तिला कळू दे, तिचं काही चुकलं नव्हतं.

मावशी : सांगते. सगळं सांगते. येशील तू?

आई : हिला जिना उतरता आला तर येऊ. मागच्या रांगेत बसू.

भाची : कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसणार मी. नीट दिसलं पाहिजे मला.

मावशी : छोटे, एक करू दे मला. ती कात्री दे. हे कोपऱ्यातलं पान उसवते. तुझ्या कापडात माझा एक टाका नको. बघवत नाही मला ते, आवळलेलं, घाबरलेलं. आत्ता उसवते.

आई : कात्री खाली ठेव.

मावशी : अगं, पण सगळं खराब करतंय ते.

आई : करू दे. ठेव म्हटलं ना खाली.

मावशी : कशाला ठेवायचं?

आई : शनिवारी कुणी विचारलं, बाई, मग यातलं तुमचं काय, तर बोट ठेवायला काही नको का? एवढं एक पान तरी तुझं असू दे.